साहेबाचा देश

स्वतःच्या देशाचा अभिमान नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, पण त्या अभिमानापायी आजूबाजूच्या यच्चयावत माणसांना जीव नकोसा करून सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि माझ्या नशिबाने तो माझा साहेब होता. शारजाचा हमरिया फ्री झोन नुकता उभा राहत होता, त्या काळात तिथे आमचा लोखंडी टाक्या बनवायचा कारखाना होता. मालक तिथलाच अरब, वेल्डर-फिटर निम्मे आपल्याकडचे आणि निम्मे पाकिस्तानी, प्लॅनिंगला पुण्याहून आलेला मी, आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर हा ऑस्ट्रेलियन मॅनेजर. दाराच्या चौकटीत वाकून शिरणारा, मानेपर्यंत लाल झालेला आणि बारा महिने अर्ध्या चड्डीत वावरणारा. तो मला दोस्तीखात्यात ‘मेट’ म्हणायचा आणि मी मेटाकुटीला यायचो.

बाकीचे लोक आपल्या देशातल्या चांगल्या गोष्टींचा अभिमान बाळगतात. आमच्या साहेबाला वाईट गोष्टींचाही होता, किंबहुना जास्तच होता. जुलैतल्या एका दुपारी मी घाम पुसत ‘काय उकाडा आहे’ म्हटलं, तर हा म्हणतो, “याला तू उकाडा म्हणतोस? माझ्या गावी असल्या हवेत लोक लग्नं करतात.” एकदा स्टोअरमध्ये साप निघाला. स्टोअरकीपर टेबलावर, मी खुर्चीवर. साहेब आला, सापाकडे कीव आल्यासारखा बघत राहिला, “आमच्याकडे याला कुणी साप म्हणणार नाही,” म्हणाला आणि झाडूने त्याला बाहेर वाळूत ढकलून आला. माझी दाढ दुखायला लागली तेव्हा मी ते त्याच्यापासून लपवून ठेवलं. ऑस्ट्रेलियात दाढा किती भयंकर दुखतात हे ऐकायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

आणि एवढं असून ‘तुमचा देश फार छान आहे हो’ असं कुणी सरळ कौतुकाने म्हटलं, की हा गृहस्थ कानकोंडा व्हायचा. “कसला छान! सरकार गाढवांचं आहे,” म्हणून विषय उडवून लावायचा. त्याला कौतुक नको असायचं, सामना हवा असायचा. आमच्या मीटिंग रूममध्ये त्याने जगाचा नकाशा लावला, तो दक्षिण दिशा वर असलेला, ऑस्ट्रेलिया थेट डोक्यावर. पहिल्याच दिवशी मालक आले. पायघोळ अरबी कंदुऱ्याच्या बाह्या सावरत ते नकाशापुढे उभे राहिले, मान आधी एका खांद्यावर टाकली, मग दुसऱ्यावर. शेवटी मला म्हणाले, “हबीबी, मेरा शारजा उल्टा क्यों है?”

शेजारच्या न्यूझीलंडचं नाव काढायची तर सोयच नव्हती. सुपरमार्केटमध्ये त्याच्याबरोबर जाण्याचा प्रसंग माझ्यावर एकदाच आला. त्याने न्यूझीलंडच्या बटरचे सगळे पुडे शांतपणे मागे सरकवले, ऑस्ट्रेलियाचे पुढे मांडले आणि दोन पावलं मागे जाऊन कामाकडे समाधानाने पाहिलं. दुकानातला मल्याळी सेल्समन धावत आला आणि त्याला कंपनीचा माणूस समजून “सर, नवीन स्टॉक कधी येणार?” असं विचारू लागला. “इन्शाल्ला, गुरुवारी,” साहेबाने ठोकून दिलं.

दिवाळीला फराळाला आला तेव्हा आमच्यासाठी त्याने त्याच्या देशाची एक बाटली आणली. आत ब्रेडला लावायचा काळा, चिकट लेप. लहानपणापासून तो यावरच वाढला, म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लेकीने तो चॉकलेट समजून ब्रेडवर जाड थापला आणि पहिल्याच घासाला किंचाळली, “आई, इट्स ग्रीस!” बायकोने बोटावर घेऊन चाखलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. “वर्कशॉपमधलं भरून दिलंय का त्यांनी?” मी ऑफिसात साहेबाला ‘अप्रतिम’ म्हणून सांगितलं आणि फसलो. त्यानंतर तो घरी येताना कधी रिकाम्या हाताने आला नाही.

क्रिकेटबद्दल मी लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. एवढंच सांगतो की शारजात ऑस्ट्रेलियाचा सामना असला की आमचे भारतीय आणि पाकिस्तानी वेल्डर एका बाकावर बसून एकाच बाजूने ओरडत. हे ज्याने घडवून आणलं त्या माणसाला खरं तर दोन्ही सरकारांनी शाल-श्रीफळ द्यायला हवं होतं.

पण मला सगळ्यात जाच होता तो त्याच्या दुपारच्या नियमाचा. उन्हाळ्यात बारा ते तीन टाकीच्या आत कुणी उतरायचं नाही. तेव्हा तसा कायदा नव्हता, शेजारच्या शेडमध्ये कामं बिनदिक्कत चालायची. आमची माणसं मात्र सावलीत आडवी, आणि मी फोनवर गिऱ्हाइकांच्या शिव्या खातोय. मी वैतागून म्हणायचो, “सर, शेड्यूल कोसळलंय.” तो म्हणायचा, “आमच्याकडे असं करत नाहीत.” “पण सर, आपण तुमच्याकडे नाही, हमरियात आहोत!” “टाकीला ते कळतं का?” संपला वाद.

एका उन्हाळ्यात त्याच्याच देशातल्या एका कंपनीची मोठी ऑर्डर येऊ घातली. कोटेशन मी रक्त आटवून केलं होतं. त्यांचा माणूस पाहणीला आला त्या दिवशी आमच्या साहेबाने चक्क फुल पँट घातली. दोघांनी एकमेकांच्या पाठीत असे धपाटे घातले की मालक दचकले. सकाळ हसण्याखिदळण्यात गेली. मग बारा वाजले, भोंगा झाला आणि माणसं टाक्यांतून बाहेर येऊन सावलीला बसली.

“हे काय?” पाहुण्याने विचारलं. साहेबाने नियम सांगितला. पाहुणा हसला. “अरे, हे काय आपलं घर आहे? इथे कोण विचारतंय? दुपारी काम चालू ठेव. मला माल पंधरा दिवस आधी जहाजावर पाहिजे.”

साहेबाचा लाल चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तो जवळच्या टाकीपाशी गेला, तिच्या गोल तोंडातून स्वतः आत उतरला आणि आतून हाक मारली, “ये की.” पाहुणा कमरेपर्यंत आत गेला आणि लगेच बाहेर आला. चष्म्यावर वाफ धरली होती.

साहेब मागोमाग चढून आला. “हे तू घरी करायला लावशील?”

“घरची गोष्ट वेगळी.”

एरवी शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा साहेबाचा आवाज एकदम खाली आला. “आमच्याकडे असं करत नाहीत, हे मी या लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. तू माझ्याच देशाचा आहेस. यांच्यासमोर मला खोटं पाडू नकोस.”

पाहुणा टॅक्सी बोलावून निघून गेला. ऑर्डर गेली. मी साहेबाला हात जोडले, “सर, एक फोन करा, सॉरी म्हणा, एवढ्यावर भागेल.” त्याने फोन केला नाही. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, “खलास.” उन्हाळा सरता सरता साहेबाचं काँट्रॅक्ट संपलं, ते पुढे वाढलं नाही.

शेवटच्या दिवशी तो शेडमध्ये हात मिळवत फिरला. म्हातारा पेशावरी वेल्डर त्याचा हात सोडेना. म्हणाला, “साहब, आपका मुल्क अच्छा होगा.” साहेब नेहमीसारखा सरकारला शिव्या देऊन सुटका करून घ्यायला गेला, पण जमलं नाही. गाडीच्या किल्ल्या चाचपत उभा राहिला. त्याच्या जागी नवा मॅनेजर आला आणि दुपारची विश्रांती हळूहळू तासाभरावर आली.

पुढच्या मे महिन्यात, शुक्रवारी सकाळी, घरी साहेबाचा फोन आला. बायको स्वयंपाकघरात मुंबईहून आलेली आंब्याची पेटी उघडत होती. मी म्हटलं, “काय सर, पोचलात एकदाचे घरी. मजा असेल.”

“बरं आहे,” तो म्हणाला. ऑस्ट्रेलियाबद्दल त्याने ‘बरं’ म्हटलेलं मी प्रथमच ऐकत होतो. “मेट, इथे कुणी भांडतच नाही. मी म्हणतो, आपल्यासारखा देश नाही. ते म्हणतात, खरंय. आणि आपापल्या घरी जातात.”

माझी नजर स्वयंपाकघरातल्या पेटीकडे गेली. मग मी म्हटलं, “पण सर, एक सांगू? आंबा काही तुमच्याकडे आमच्यासारखा पिकायचा नाही.”

पलीकडे गडगडाट झाला. “आंबा? आंबा म्हणालास तू?” आणि तो सुरू झाला. त्यांच्या उत्तरेतले आंबे, त्यांचा आकार, कोय किती बारीक, रस किती, भारतातल्या माणसाने तो एकदा खाल्ला तर तोंड लपवून परत जाईल. मी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला तरी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जात होतं.

बायको हातातला आंबा तसाच घेऊन बाहेर आली. “कोण आहे?”

“साहेब.”

“अहो, भांडताय का त्यांच्याशी?”

“हो,” मी म्हटलं, खुर्ची ओढून नीट बसलो आणि रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.