दोन कैऱ्या

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. नवऱ्याला एटापल्लीपलीकडे माडिया गोंडांच्या एका गावात मास्तरकी मिळाली आणि वडशाचा भरला बाजार सोडून मीही गेले. जंगलातल्या लोकांना चार गोष्टी शिकवू, असा माझा रुबाब. प्रत्यक्षात मला तिथली साधी भाजी ओळखता येत नव्हती.

शेजारच्या म्हातारीनं सगळं शिकवलं. तरोट्याचा पाला कधी खुडायचा, कडू कंदाच्या चकत्या ओढ्याच्या धारेत किती दिवस ठेवायच्या. कंद काढला की वेलाचा शेंडा परत मातीत पुरायला लावायची. मी हसत हसत पुरायचे. तिच्याकडचं उपयोगाचं तेवढं उचललं, बाकीचं भाबडेपणा म्हणून सोडलं. मोठी शहाणी ना मी!

चैत्रात मला आठवा लागला. देवाच्या आंब्याखालून जाताना तोंडाला पाणी सुटायचं.

"नोको तोडू, मास्तरीणबाई," म्हातारी म्हणाली, "पंडुम व्हाचा हाये अजून."

पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. देवाला आणि पूर्वजांना पहिली कैरी दिल्याशिवाय गावात कुणी ती तोंडाला लावत नसे, गरोदर बाईसुद्धा नाही. मी मान डोलावली. सगळे मोहफुलं वेचायला गेल्यावर दोन कैऱ्या तोडल्या आणि तिखटमीठ लावून खाल्ल्या. साली आम्हा दोघींच्या अंगणांमधल्या कुडाशी फेकल्या.

संध्याकाळी गावचा पुजारी त्या साली घेऊन उभा राहिला. सगळा गाव जमला. कुणी खाल्लं, असं त्यानं विचारलं, आणि मी पदर ओढून मागे सरकले. खरं सांगितलं तर गाव मास्तरांना निघा म्हणेल, या दिवसांत मी कुठे जाऊ?

तेवढ्यात म्हातारी उठली. छातीवर हात ठेवून गोंडीत बोलली. मोडकीतोडकी गोंडी मला कळू लागली होती. मीच खाल्ल्या, म्हणाली.

देवाची कैरी चिरून घरोघर वाटायचा मान दरवर्षी तिचा. त्या वर्षी पंडुमाला ती आपल्या अंगणात एकटी बसून राहिली. दुसऱ्याच बाईनं कैरी वाटली. एक फोड माझ्याही हातावर पडली आणि मी ती खाल्ली. आजही आठवलं की स्वतःची शिसारी येते.

माझं बाळंतपण तिनंच केलं. एके सकाळी ती पोरीला तेल लावत होती. मी कसंबसं म्हणाले, "आजी, त्या कैऱ्या..."

"मालूम हाये मले," ती म्हणाली. वरही पाहिलं नाही. "आता काऊन सांगून राह्यली? सांगाचं तं तवा होतं."

मी तेलाची वाटी तिच्यापुढे सरकवली. माफीचा शब्द तेव्हाही तोंडातून निघाला नाही.