कोमट पाणी

मुदतीच्या तापातून उठलो आणि महिनाभरात पक्का नास्तिक झालो. अंगात बळ येईपर्यंत घरी पडून होतो, तेव्हा परभणीहून मागवलेली दोन पुस्तकं वाचून काढली. गावातल्या नव्या मराठी शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. एवढा मोठा निजाम गेला तर देवाचं काय घेऊन बसलात, असं मी दिसेल त्याला ऐकवायचो.

आईनं मात्र त्याच तापात माळावरच्या देवीला बकरं कबूल केलं होतं. मी बरा झालो तो औषधानं, हे तिला चार वेळा समजावलं. तिनं चारही वेळा ऐकून घेतलं आणि बकरं ठरवलं.

बकरं होतं शेजारच्या बोरी गावच्या एका म्हाताऱ्याचं. शेरडंमेंढरं राखण्यात त्याचा जन्म गेला होता. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर तंबाखू मळत बसायचा, आणि मी त्याला शहाणा करायला बघायचो.

"बाबा, देव आहे का?"

"मला म्हाईत न्हाई."

"मग नाही म्हणा की."

"तेबी म्हाईत न्हाई. समदं बघितल्याबिगर कसं सांगावं?"

माझं डोकं फिरायचं. देव मानणाऱ्याशी तावातावानं भांडता तरी येतं. हा नुसता तंबाखूला चुना लावत बसायचा. अशा माणसाला अज्ञेयवादी म्हणतात, हे मला पुढं पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात भित्रा म्हणत होतो.

आमच्याकडची रीत अशी की देवीपुढं बकऱ्याच्या पाठीवर पाणी ओतायचं. त्यानं अंग झाडलं तर देवीनं ते पावतं करून घेतलं. नाही झाडलं तर देवी नाराज. गार पाणी पडल्यावर कुठलंही जनावर अंग झाडणार, यात देवीचा काय संबंध? हे मी गावाला नीट सांगू शकलो असतो. पण मला सांगायचं नव्हतं, जिरवायची होती. कळशी नेण्याचं काम माझ्याकडं होतं. निघताना मी तीत चुलीवरच्या हंड्यातलं ऊन पाणी मिसळलं. हात घालून पाहिला. बाळाच्या अंघोळीला काढतात तसं छान कोमट झालं होतं.

माळावर भावकी जमली. आईनं हळदकुंकू वाहिलं, पाणी ओतलं. बकरं डोळे मिटून उभं राहिलं. दुसऱ्यांदा ओतलं, तर त्यानं खाली वाकून पाला खायला सुरुवात केली. तिसऱ्यांदाही तेच. देवी कोपली, अशी भावकीत कुजबुज सुरू झाली.

माझं भाषण तयार होतं. तेवढ्यात आईनं देवीच्या दगडावर डोकं टेकवलं. "माझं काय चुकलं, माय? घे मला, पर लेकराला नको नेऊ," असं म्हणत ती हमसून रडायला लागली. माझी आई चारचौघांत रडलेली मी तोवर पाहिली नव्हती. भाषण तिथंच राहिलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो: मी हात जोडले नाहीत एवढंच, बाकी मनातून त्या बकऱ्याच्या अक्षरशः पाया पडत होतो. झाड रे बाबा अंग.

म्हातारा पुढं आला. कळशीत बोट बुडवलं, माझ्याकडं एकवार बघितलं आणि सगळं पाणी बाभळीच्या बुडाशी ओतून दिलं. "ताजं आणतो," म्हणाला आणि खालच्या विहिरीकडं गेला.

विहिरीचं पाणी पडताच बकऱ्यानं कानापासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की माझा सदरा भिजला. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दुपारी या नास्तिकानं तीन वाट्या रस्सा ओढला.

परतताना मी म्हाताऱ्याला गाठलं. सगळ्यांसमोर माझं नाव का घेतलं नाही, असं विचारलं. त्यानं उलट मलाच विचारलं.

"मास्तर, तुमी म्हणायलात देव न्हाई. मग जो न्हाईच त्याला हरवायला पाणी कशापायी तापवलं?"

माळ उतरता उतरता तोच पुढं म्हणाला, "मला म्हाईत न्हाई, म्हून मी देवीच्या कौलाच्या पाण्याला हात लावत न्हाई."

आता मात्र सापडला, असं मला वाटलं. "पण आज लावलात की."

"आज तुमची माय रडायलती," तो म्हणाला. "तेवढं मला म्हाईत व्हतं."