मागच्या सीटखालचा प्लग

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडा वेळ गप्प बसावंसं वाटतं. आयटीतल्या पगारांमुळे पुण्यात घरोघरी चारचाकी येऊ लागली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. जुन्या शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. या केसमध्ये ना कुणाला अटक झाली, ना आरोपपत्र दाखल झालं. संबंधितांची नावं मी तेव्हाही बाहेर सांगितली नाहीत आणि आताही सांगणार नाही.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. सदाशिव पेठेत राहणारे एक गृहस्थ ठाण्यात आले. सत्तरी ओलांडलेली, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, कडक इस्त्रीचा शर्ट. ठाणे अंमलदाराने त्यांना "बसा" म्हटलं. "मी बसायला आलेलो नाही, तक्रार द्यायला आलोय," असं उत्तर आलं. अंमलदाराने मुकाट्याने त्यांना माझ्या खोलीत पाठवलं.

तक्रार अशी होती की, कोणीतरी त्यांना गाडीच्या अपघातात मारू पाहत आहे. बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलीने त्यांना नवी गाडी घेऊन दिली होती. गाडी सुरू केली की एबीएसचा, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेचा, पिवळा दिवा क्षणभर लागून विझायला हवा, तो विझतच नव्हता. वर्कशॉपमध्ये नेली की दिवा जाई आणि काही दिवसांनी पुन्हा लागे. शेवटच्या खेपेला तिथला मेकॅनिक म्हणाला होता, "काका, ही वायर आपोआप सुटत नाही, कोणीतरी काढतंय." झालं. काकांचा संशय पक्का झाला. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा एक तरुण इंजिनिअर होता. पार्किंगमध्ये त्याची मोटरसायकल लावण्यावरून दोघांची आधीच कुरबुर झालेली. त्या तरुणाला त्यांनी स्वतःच्या गॅलरीतून आपल्या गाडीचं मागचं दार बंद करताना पाहिलं होतं.

"खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावा," ते म्हणाले. "कलम कोणतं ते आपल्याला माहीत असेलच."

मी अर्ज ठेवून घेतला आणि आधी चौकशी करतो म्हणालो. घरी बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही, तिला उगाच घोर लागेल, असंही ते जाता जाता म्हणाले. हे वाक्य मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

तो तरुण विदर्भातला. हडपसरच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला. निरोप मिळताच संध्याकाळी ऑफिसमधून थेट ठाण्यात आला, गळ्यातलं ओळखपत्रही काढायचं राहिलं होतं. योगायोग असा की, त्याच्या पासपोर्टची पडताळणी आमच्याच ठाण्याकडे आलेली होती. कंपनी त्याला कामासाठी अमेरिकेला पाठवणार होती. अशा वेळी नावावर गुन्हा नोंदला गेला तर पासपोर्ट अडकतो, आणि पासपोर्ट अडकला की कंपनी दुसऱ्याला पाठवते. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

गाडीचं दार उघडलं होतंस का, असं विचारलं. नाही, फक्त बंद केलं, म्हणाला. मग उघडलं कोणी? यावर तो खाली बघत राहिला.

"मी वायर नाही काढली, साहेब."

"मग कोणी काढली?"

"मला नाही माहीत जी."

हे दुसरं उत्तर खोटं होतं. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली होती. स्वतःला वाचवण्यासाठी खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगत सुटतो. हा पोरगा एकेक वाक्य मोजून टाकत होता आणि मधल्या शांततेत घामाघूम होत होता. तो स्वतःला नाही, दुसऱ्या कोणाला तरी वाचवत होता. मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवला. हवालदार म्हणाले, साहेब, थोडं दरडावलं असतं तर बोलला असता. बोललाही असता, पण मला त्याच्या तोंडून ते काढून घ्यावंसं वाटलं नाही. गाडीच काही सांगते का ते आधी पाहू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या मेकॅनिकला घेऊन मी पार्किंगमध्ये गेलो. दिवा पुन्हा लागलेला होताच. त्याने यंत्र जोडून पाहिलं. मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरकडून काही खबर येत नाही, असं निघालं. हा सेन्सर चाक किती वेगाने फिरतंय ते कळवतो. ती खबर मिळाली नाही तर एबीएस स्वतःला बंद करून घेतं आणि दिवा लावून ठेवतं. म्हणजे ब्रेक निकामी का, असं मी विचारलं. मेकॅनिक म्हणाला, नाही, साधे ब्रेक नेहमीसारखे लागतात. फक्त एकदम जोरात दाबले तर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते, म्हणून दुरुस्त होईपर्यंत जपून चालवावी.

मग त्याने मागची सीट उचलली. त्या गाडीत सेन्सरचा प्लग सीटखालीच होता. तो सुटलेला होता, पण वायर कुठेही तुटलेली नव्हती. एवढंच नाही, तर प्लगच्या दोन्ही तोंडांवर धुतलेल्या दुधाच्या पिशवीचे तुकडे नीट गुंडाळून वर रबर लावलेलं होतं. आत धूळ किंवा मुंगी जाऊ नये अशी व्यवस्था.

मी तिथेच थांबलो. जीव घ्यायला निघालेला माणूस प्लगला मुंग्या लागू नयेत याची काळजी कशाला घेईल? शिवाय गाडीच्या कुठल्याही दाराचं कुलूप उचकटलेलं नव्हतं. ज्याने हे केलं त्याच्याकडे चावी होती. चाव्या दोन, आणि दोन्ही काकांच्या घरात.

महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. त्या दुपारी काका वाचनालयात गेल्याचं पाहून एका महिला शिपायाला सोबत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. काकू निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि पोलीस कशाला आलेत म्हणून विचारलं. नवऱ्याने अर्ज दिलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. अर्जात वरच्या मजल्यावरच्या मुलाचं नाव आहे आणि त्याचा पासपोर्ट अडकू शकतो, हे मी सांगितलं. त्या मटकन खुर्चीवर बसल्या.

"तो काही बोलला नाही?"

"एक अक्षर नाही."

"मीच काढते तो प्लग," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्यांदा प्लग खरोखरच ढिला झाला होता, सीट कव्हर घालताना. वर्कशॉपमध्ये मेकॅनिक तो बसवत असताना त्या शेजारी उभ्या होत्या. काकांचा स्वभाव असा की, गाडीचं पुस्तक वाचून काढलेलं आणि दिवा लागलेला असताना गाडी वर्कशॉपखेरीज कुठे न्यायची नाही हा त्यांचा नियम. त्याच सुमारास दोघं खडकवासल्याला निघाले होते. डावीकडून एक सायकलवाली मुलगी आली. काकांना ती दिसलीच नाही. मुलगी जोरात ओरडून रस्त्याकडेला पडली. काच बंद, रेडिओ चालू, काकांना काही कळलंही नाही. काकूंनी मागे वळून पाहिलं तर मुलगी उठून कपडे झटकत होती. त्या दिवसानंतर बाजूने कोणी आलं तर काकांना दिसत नाही, हे काकूंच्या लक्षात येऊ लागलं. डोळे दाखवा म्हटलं की ते चष्मा पुसून दाखवत. मग दिवा लागलेला राहिला की गाडी घरीच राहील, म्हणून त्या स्वतःच प्लग काढून ठेवू लागल्या.

मी विचारलं, सरळ सांगितलं का नाही?

"घाटातून जीप चालवलेला माणूस आहे तो. तुम्हाला आता जमत नाही, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकावं लागू नये, एवढंच वाटायचं."

तो तरुण कसा आला यात? एकदा सीट परत बसवताना त्यांचा हात अडकला. जाता जाता त्याने सीट दाबून बसवून दिली आणि दार लावलं. कानातलं शोधत होते, असं त्या त्याला म्हणाल्या होत्या. तो आधी डेंग्यूने आजारी असताना महिनाभर त्याचा डबा काकूंनीच केला होता. ठाण्यात वायरचा विषय निघाल्यावर त्याला खरा प्रकार उमगला असणार, तरी तो गप्प राहिला. हे मी म्हणालो तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका परत आले. मला पाहून म्हणाले, "सापडला?" मी काही बोलण्याआधी काकूच उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न वगळता. काका उभ्या उभ्या ऐकत होते. मला वाटलं, आता भडका उडणार. पण त्यांनी विचारलं,

"त्या मुलीला लागलं होतं का?"

"नाही. उठून गेली ती."

"नक्की पाहिलंस ना?"

"पाहिलं."

त्यांनी हातातली पुस्तकं टीपॉयवर ठेवली आणि ते काकूंच्या शेजारी बसले. आमच्या महिला शिपायाने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली, मीही तेच केलं.

संध्याकाळी काका अर्ज मागे घ्यायला ठाण्यात आले. गैरसमजातून अर्ज दिला होता, असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. त्यानंतर ते त्या तरुणाच्या दारात गेले, हे मला पुढे त्यानेच सांगितलं. काका म्हणाले, "मी तुझ्याबद्दल चुकीचं बोललो. मोटरसायकल लाव तुला हवी तिथे." क्षमा वगैरे शब्द त्यांनी वापरले नाहीत, पण हा मुलगा एवढ्यानेच ओशाळून गेला. त्याची पडताळणी वेळेत पुढे गेली आणि तो अमेरिकेला रवाना झाला.

पुढे तपासणीत काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूची नजर बरीच गेली होती. ती परत येणार नव्हती, पण उरलेली राखता येईल आणि आणखी उशीर झाला असता तर तीही हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी गाडी चालवणं त्याच दिवशी सोडलं. गाडी मात्र विकली नाही.

बऱ्याच महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी मला ती दोघं धरणाच्या रस्त्याला मक्याचं कणीस खाताना दिसली. गाडी चालवायला काकू शिकल्या होत्या, त्या वयात, रीतसर परवाना काढून. मी विचारलं, कसं काय चाललंय? काका गंभीरपणे म्हणाले, "ड्रायव्हर बरी आहे. फक्त समोर रिकामा रस्ता असला तरी हॉर्न वाजवते." काकूंनी कणसाचा अर्धा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मघाचा हॉर्न तुमच्यासाठीच होता, तुम्हाला झोप लागली होती."

पोलिसाच्या नोकरीत प्रत्येक कृत्यामागे वैर किंवा लोभ शोधायची सवय लागते. ती सवय चुकीची नाही, बहुतेक वेळा तेच सापडतं. पण या केसनंतर चौकशीला बसलो की माझ्या मनात आणखी एक प्रश्न असायचा: या माणसाला कोणाची काळजी वाटते? उत्तर मिळालं की पुढचं बोलणं सोपं व्हायचं. आणि कोणी गप्प बसलं तर मी त्याला लगेच गुन्हेगार समजायचं सोडून दिलं. माणसं भीतीने गप्प बसतात तशी मायेनेही बसतात. हे मला शिकवलं ते एका मुलाने, जो घामाघूम झाला पण बोलला नाही.