इथून कोणी चालत नाही

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीत आता एक मोकळी जागा आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार. बाळकुमकडून येणारी माणसं त्या उतारावरून आत येतात, आमच्या इमारतीच्या कडेने चालत माजिवड्याच्या गल्लीत बाहेर पडतात. बाबागाड्या येतात, वॉकर धरलेले म्हातारे येतात, एक व्हीलचेअरही येते. कोणाला हमरस्त्यावर जावं लागत नाही.

ही वाट माझ्यामुळे झाली असं हल्ली बोललं जातं. येत्या झेंडावंदनानंतर मला शाल आणि नारळ द्यायचं ठरलं आहे. "या वयात खरं बोलायला छाती लागते, काका," असं आमचे चेअरमन परवा लिफ्टमध्ये म्हणाले. बरोबर वरच्या मजल्यावरचं एक जोडपं होतं. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी "छे हो, कसलं काय" असं काहीतरी पुटपुटलो आणि माझा मजला आल्यावर बाहेर पडलो. घरात येऊन चपला काढताना लक्षात आलं, की आपण पुन्हा तेच केलं. समोरच्याला सोयीचं ते वाटू दिलं. म्हणून हे लिहितो आहे. वाट माझ्यामुळे झालेली नाही. ती माझ्यामुळे बंद झाली होती.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मागच्या बाजूला पडीक शेतं होती, त्यांच्या कडेने एक नाला आणि नाल्यापलीकडे बाळकुम. शेताच्या बांधावरून एक पायवाट यायची. नाल्यावर दगडी फरशा टाकलेल्या होत्या. कारखान्यातले कामगार, दळण घेऊन येणाऱ्या बायका, शाळेच्या मुली, सगळी त्या वाटेने यायची आणि आमच्या जिन्यासमोरून पुढे जायची. वाट सपाट होती. पायाखाली माती होती आणि वाहनांची भीती नव्हती. मी स्वतः ऑफिसातून आल्यावर तिच्यावर फिरायला जात असे.

त्याच वाटेने आमची कोळीण यायची. तिचं नाव मला ठाऊक आहे, पण लिहायची परवानगी मी तिला विचारलेली नाही आणि आता विचारायला तोंड नाही. तिचं घर खाडीच्या बाजूला. लहानपणी आलेल्या तापात तिचा डावा पाय आखूड राहिला होता. चालताना ती एका बाजूला झुकायची, पण डोक्यावरची टोपली कधी कलंडली नाही. जिन्याखालूनच हाक यायची, "वईनी, निवट्या! अजून उड्या मारतान, या लवकर, नायतर परत जातील खाडीत!"

आमची ही गॅलरीतून विचारायची, "कालच्या की आजच्या?"

"कालच्या असत्या तर त्या तुमच्या चाळीत भाड्यानं राह्यल्या असत्या."

"चाळ नाही, सोसायटी आहे."

"तेच ते. खाली या."

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मागच्या पडीक जागेतली थोडी पट्टी आमच्या आवारात यावी आणि तिथे भिंत घालून गाड्या लावायला जागा करावी, असं सगळ्यांच्या मनात होतं. अडचण त्या वाटेचीच होती. परके लोक खिडकीखालून जातात, एकाची सायकल गेली, मासळीचं पाणी सांडतं, अशा तक्रारी माझ्याकडे यायच्या. मीही त्या वाढवून सांगायचो, कारण मी नुकतीच जुनी गाडी घेतली होती आणि कोपऱ्यातल्या बदामाखालची जागा मला मिळेल असं आतून ठरलं होतं.

एक दिवस सरकारी कचेरीतून एक गृहस्थ पाहणीला आले. साधा माणूस होता. छत्री काखेत, बुटांना चिखल. आम्ही दोघं मागे जाऊन उभे राहिलो. त्यांनी वाटेकडे पाहिलं आणि विचारलं, "इथून वहिवाट आहे का? लोकांची ये-जा?"

मी म्हणालो, "पूर्वी असेल. आता इथून कोणी चालत नाही."

सकाळी उशिराची वेळ, वाट खरोखरच रिकामी होती. मी ती वेळ मुद्दाम दिली होती. पण माझं वाक्य संपतं तोच नाल्याच्या फरशीवरून ती आली, तशीच झुकत झुकत, टोपली डोक्यावर. तिने ऐकलं होतं.

"कोनी चालत नाय?" ती म्हणाली. "मंग मी काय भूत हाय, साहेब?"

ते गृहस्थ हसले. मीही हसलो. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसू तसंच होतं पण भुवया वर गेल्या होत्या. आणि मी म्हणालो, "ही होय? ही आमच्याच घरी येते. मासे द्यायला."

म्हणजे ही वाटसरू नव्हे. आमच्याकडे येणारी आहे, हिला मोजू नका.

मला वाटलं ती उलटून बोलेल. आमच्या इमारतीनंतर ती माजिवड्याच्या नाक्यापर्यंत दारोदार जायची, आम्ही तिच्या वाटेवरचं एक घर होतो. पण ती एकदम गंभीर झाली. टोपली खाली घेतली, पदर सारखा केला आणि त्या गृहस्थांना म्हणाली, "हां हां. साहेबांकडंच येतंय मी. दुसरीकडं नाय जात."

ते गृहस्थ बरं म्हणाले आणि निघून गेले.

तिने असं का सांगितलं, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हा रस्त्यावर बसणाऱ्या कोळणींच्या टोपल्या उचलून न्यायला पालिकेची गाडी यायची. बूट घातलेला अनोळखी माणूस, हातात कागद. तिला वाटलं हा त्यातलाच. आणि साहेब तिला पाठीशी घालतायत. ते गृहस्थ गेल्यावर ती म्हणाली, "बरा वाचवलात मना." मापाची कोळंबी घालून झाल्यावर तिने आणखी एक ओंजळ वर टाकली. हिने विचारलं, "हे कशाबद्दल?" ती म्हणाली, "साहेबांना विचारा." दुपारी ती कोळंबी मी भाताबरोबर खाल्ली.

पुढे भिंत झाली. बदामाखाली माझी गाडी उभी राहिली. गाडीचं मागचं चाक जिथे टेकायचं तिथूनच वाट यायची.

तिला आता बाळकुम नाक्यावरून हमरस्त्याने कापूरबावडीकडे येऊन, तिथून वळून यावं लागायचं. ज्यांनी तो रस्ता गाडीतून पाहिला आहे त्यांना तो कळणार नाही. फूटपाथ आहे तिथे तो गुडघ्याइतका उंच, आणि थोडं चाललं की संपतो. गटारावरची झाकणं कुठे वर आलेली, कुठे नाहीतच. फूटपाथ सोडून रस्त्यावरून चालावं तर ट्रक अंगावर येतात. धडधाकट माणूस तिथे जीव मुठीत धरून चालतो. तिला आखूड पायाने तो उंच काठ चढायचा आणि उतरायचा होता, डोक्यावर टोपली घेऊन.

ती येत राहिली. उशिरा यायची. तोवर बर्फ वितळलेला असायचा. आमची ही कुरकुर करायची, "अगं, आज कोळंबी मऊ लागतेय." आणि मी आतून, पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, "तिला सांग, सकाळी लवकर उठायचं." हे मी म्हटलेलं आहे. एकदाच नाही.

ती भिंतीला शिव्या द्यायची, पण मला कधीच नाही. तिचं म्हणणं, ही भिंत बिल्डरची करणी. उलट माझी कीर्ती तिने सगळ्या गल्लीत केली होती. नव्या गिऱ्हाइकाला माझं घर दाखवून सांगायची, "त्या साहेबानी मना एकदा टोपलीसकट वाचवला." लोक मला ते येऊन सांगायचे. मी कधी खोडून काढलं नाही.

मग एकदा ती यायची थांबली. हमरस्त्याच्या कडेला झाकण नसलेल्या गटारात पाय जाऊन ती पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, तेही धड असलेल्या पायाचं. आमची ही डबा घेऊन बघायला गेली. मी गेलो नाही. माझी कंबर धरली आहे असं सांगितलं. ती धरली नव्हती.

गेल्या वर्षी तिची मुलगी आमच्या घरी आली. बालवाडीत शिकवते, बोलणं स्वच्छ, आईसारखीच हसते. आई आता व्हीलचेअरवर असते, म्हणाली. व्यायाम करून घेणारे डॉक्टर आमच्याच गल्लीत बसतात. पण रिक्षावाले एवढ्याशा अंतराला येत नाहीत, खुर्ची दिसली की मान हलवून पुढे जातात. हमरस्त्याने खुर्ची ढकलणं शक्य नाही. व्यायाम चुकतो आणि पाय दिवसेंदिवस आखडत चालला आहे. बाळकुमच्या लोकांनी मिळून मागणी केली होती, की भिंतीत वाट ठेवावी आणि उतार करावा. अधिकारी पुन्हा पाहणीला येणार होते.

"सोसायटीवाले म्हणतात, इथे वाट कधी नव्हतीच," ती म्हणाली. "काका, त्या वेळचे इथले तुम्हीच राहिलात. आई म्हणते, साहेबांना उभं कर. ते खोटं नाय बोलायचे."

आमची ही चहा घेऊन येत होती. म्हणाली, "सांगतील की. न सांगायला काय झालं?"

मुलगी गेल्यावर संध्याकाळी चेअरमन आले. माझ्या मुलाच्या वयाचे, बोलायला मऊ. "काका, उगाच त्रास नको. तुम्ही तेव्हा जे सांगितलं होतं तेवढंच सांगा. आपलं आवार आहे, उद्या मोटरसायकली घुसतील." मी बघतो म्हणालो. हे 'बघतो' मी आयुष्यभर वापरत आलो आहे.

पाहणीच्या दिवशी मी बदामाखाली जाऊन उभा राहिलो. या वेळी अधिकारी एक तरुण बाई होत्या. सोसायटीतले पाच-सहा जण जमले होते. बाळकुमची माणसं भिंतीच्या पलीकडे होती, कारण इकडे येणार कुठून? मला त्यांची डोकी दिसत होती. तिचं दिसत नव्हतं, ती खुर्चीत बसलेली. पण आवाज आला.

"साहेब आयले का?"

"आलेत, आई," मुलगी म्हणाली.

"मंग सांगा त्यांना, साहेब! आखडू नका!"

दोन्हीकडे लोक हसले. अधिकारी बाईंनी मला विचारलं, "आजोबा, इथून लोकांची ये-जा होती का?" जवळजवळ तेच शब्द.

मी म्हणालो, "होती. रोज होती. भिंत व्हायच्या आधी असेच एकजण विचारायला आले होते, तेव्हा मी त्यांना खोटं सांगितलं. इथून कोणी चालत नाही असं म्हणालो. तेवढ्यात या बाई त्याच वाटेने आल्या, तर ही फक्त आमच्याकडे येते असं सांगितलं. मला गाडी लावायला ही जागा हवी होती."

चेअरमन मोबाइलकडे बघू लागले. अधिकारी बाई काही लिहीत होत्या, त्यांचा हात थांबला. मग भिंतीपलीकडून तिने हळू विचारलं. तेव्हाचा तिचा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

"साहेब, तो टोपली उचलनारा नव्हता?"

"नव्हता."

"मंग कोन होता?"

"वाट आहे का ते बघायला आला होता."

"आनि मीच बोल्ले त्याला, दुसरीकडं जात नाय म्हून."

मी हो म्हणालो. भिंतीशी बोलत होतो.

"म्हंजे तवा मी भूतच होते," ती म्हणाली.

आमच्याकडचा एकजण हसला, त्याला तो विनोद वाटला. मग ती मुलीला म्हणाली, "चल गं, घरी ने," आणि मातीत चाकं वळल्याचा आवाज आला.

हीच माझी छाती. वाट मिळाली ती बाळकुमच्या लोकांनी खेटे घातले म्हणून. मी बदामाखालची जागा सोडली याचंही कौतुक होतं, तर गाडी मी आधीच विकली होती. हातात धरायला काही उरलं नव्हतं, तेव्हा मी खरं बोललो. शाल नको, असं आज चेअरमनना सांगून आलो. ते म्हणाले, "तुमचा हा विनय!" म्हणून हे सगळं त्यांनाही वाचायला देणार आहे.

त्या दिवशी वर आल्यावर हिला सांगितलं. तिने लाटणं पोळपाटावर ठेवलं. मग म्हणाली, "आणि मी तिच्याशी भांडत बसले, कोळंबी मऊ लागते म्हणून." पुढे काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आता एक दिवसाआड सकाळी मुलगी आईची खुर्ची ढकलत उतारावरून आणते. मी गॅलरीत असतो. पूर्वी जिथून हाक यायची त्या जिन्यापाशी खुर्ची येते आणि तशीच पुढे जाते. मुलगी एखाद वेळेस वर बघते. आई बघत नाही. मी हाक मारावी असं मनात येतं, पण कोणत्या शब्दाने मारावी ते सुचत नाही.

आजही ती गेली. चाकांचा आवाज ऐकून हिने आतून विचारलं, "कोण गेलं हो?"

'कोणी नाही,' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. मी ते गिळले, आत गेलो आणि कोण गेलं ते नाव घेऊन सांगितलं.