उंबऱ्याच्या आत मराठी

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. अमानवीय वगैरेवर माझा विश्वास कधीच नव्हता... पण जे समोर पाहिलं त्याचं काय करू?

आम्ही बडोद्याचे, घर कारेलीबागेत. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, तेव्हापासूनचा नियम – उंबऱ्याच्या आत मराठी.

साठीनंतर माझी बायको शैला तो मोडायला लागली. "मीठ कुठंय?" विचारलं की क्षणभर थांबायची. मग गुजरातीत "मीठुं पेला डब्बामां छे", आणि त्यानंतर मराठीत "त्या डब्यात आहे".

"माहेर पुण्याचं आणि जीभ इथल्या मांडवी बाजाराची?" मी टोमणा मारायचो.

ती हसायची. "अहो, ते आधी येतं. त्याच्यामागून मराठी येतं. मी काय करू?"

एकदा मी ओरडलो, "नाटकं पुरे! मराठीत जमत नसेल तर बोलूच नकोस."

ती घरात बोलेनाशी झाली. स्वयंपाक, देवपूजा, सगळं नीट. शेजारच्या हंसाबेनकडे मात्र तासन्‌तास गप्पा! मला वाटलं, मुद्दाम करतेय.

पुढे ती पायरीवरून घसरली. कपाळाला टेंगूळ आलं, म्हणून एमआरआय केला. डॉक्टरांनी फिल्म पाहिली, तिच्याकडे पाहिलं, फिल्मवरचं नाव पुन्हा वाचलं.

"या चालत आल्या?"

"स्कूटरवर, माझ्या मागे बसून."

त्यांनी स्कॅन पुन्हा करवला. तेच! मेंदूचे भाग जोडणारा पांढरा भाग, विजेच्या तारांसारखा... बहुतेक तारा कधीच्याच झिजलेल्या.

"थोडं झिजलं तर मेंदू आडवाटा शोधतो, काका. पण इतकं झिजल्यावरही? मला सांगता येत नाही."

मी गुजरातीचं सांगितलं.

"कदाचित तीच वाट उरली असेल. बोलू द्या त्यांना. वहिवाट मोडू देऊ नका."

लग्नानंतर शिकलेली भाषा पुढे आणि जन्माची मागे – हे कसं, आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही.

घरी येताच मी पहिल्यांदा तिच्याशी गुजरातीत बोललो. "शैला, चा पीशे?" ती बघत राहिली. ओठ हलले. मग मिटले, आणि तिनं बोटानं उंबरा दाखवला.

हळूहळू हंसाबेनकडेही तिचे शब्द आटले. मी ठरवलं, तिला त्यांच्या ओट्यावर बसवायचं, उंबऱ्याबाहेर, आणि तिथं बोलायचं. वाक्य पाठ केलं होतं. आज-उद्या करत राहिलो, आणि ती गेली. ते वाक्य आता इथं लिहितोय:

"मने माफ करी दे, शैला. तारो रस्तो में बंद कर्यो."