क्लोजेटमधली रात्र

नवऱ्याच्या केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर आमच्या सनीव्हेलच्या घरात गांजाची चार झाडं आली. मी नाकासमोर चालणारी बाई. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात उभं आयुष्य गेलं, आणि साध्या पार्किंगचा दंडही मला कधी झालेला नाही. पण त्याला जेवण जात नव्हतं. वरणभाताचा वास आला तरी तो तोंड फिरवायचा.

डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं म्हणून परवाना असलेल्या दुकानातून गांजाच्या गोळ्या आणल्या. त्या गोळ्यांनी त्याला नुसतं गरगरायला लागलं. मग एका विशिष्ट जातीच्या फुलांची वाफ त्याने दोनदा ओढली आणि त्या दुपारी अर्धी भाकरी आणि पिठलं मागून खाल्लं. मी ओट्याला टेकून रडले. पुढच्या महिन्यात दुकानात ती जात यायची बंद झाली. ऑफिसातल्या एकाने हौसेने तीच लावली होती, त्याने मला चार रोपं दिली. कॅलिफोर्नियात घरात एवढी झाडं कायद्याने चालतात, आणि आम्ही दोघंही इथले नागरिक झालो होतो. व्हिसावर असताना असला विचार मी मनातसुद्धा आणला नसता.

हे झाड फुलावर आणायचं तर त्याला रोज बारा तास उजेड आणि बारा तास गुडुप अंधार लागतो. त्या अंधारात कुठून उजेड शिरला की झाड बिथरतं, फुलांत बी धरायला लागतं आणि सगळी मेहनत वाया जाते. मी बेडरूममधलं क्लोजेट, म्हणजे आत शिरता येईल एवढी कपड्यांची खोली, रिकामं केलं, साड्या सूटकेसमध्ये कोंबल्या, दिवे लावले, पंखा लावला, वास बाहेर येऊ नये म्हणून कोळशाचा फिल्टर लावला, दाराच्या फटींना आतून काळी पट्टी मारली. आमच्या घरात एसी नाही, दिवसा दिवे लावले असते तर झाडं भाजली असती. म्हणून दिवे संध्याकाळी सात ते सकाळी सात. आपला दिवस ती त्यांची रात्र. फुलं तोडायला येईपर्यंतच्या नऊ आठवड्यांचा चार्ट मी लॅपटॉपवर केला होता.

दुसऱ्या आठवड्यात अमरावतीहून सासूबाई आल्या. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे मी ठरवलं. मुलगा आजारी, आणि सून घरात गांजा पिकवतेय, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"यार, सांगून टाक ना तिला," नवरा म्हणाला. "आईला काही वाटणार नाही."

"मी मॅनेज करते," मी म्हटलं. त्याने वाद घातला नाही. बोलायची ताकदही तो तेव्हा जपून वापरत होता.

आईंना मी सांगितलं, की क्लोजेटमध्ये माझ्या ऑफिसची मशिनं आहेत, दार उघडू नका. त्यांनी मान हलवली. रोज सातला दिवे लागले की मी आत जाऊन दार लावून घ्यायची आणि तास-दीड तास बाहेर यायची नाही. पाणी, पानं खुडणं, भिंग घेऊन फुलांचे पांढरे केस बघणं. चौथ्या आठवड्यात कळ्या टपोऱ्या झाल्या तेव्हा मला इतका आनंद झाला, की लाज वाटली. मधे त्याचं स्कॅन झालं. डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या. त्यातलं 'वजन वाढायला हवं' एवढंच मी घरी आणलं.

सहाव्या आठवड्यात फुलांमध्ये पिवळे, इवल्या केळ्यांसारखे कोंब दिसले. झाडं बी धरणार याची ती खूण. मी फटी तपासल्या, टायमर बदलला, स्वतःला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जीव रमेना म्हणून भर दुपारी घरी आले.

क्लोजेटचं दार सताड उघडं होतं. खिडकीत उन्हाला चारही कुंड्या ओळीने मांडलेल्या. आई पाटावर बसून ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होत्या आणि नवरा उशीला टेकून त्यांच्याकडे बघत होता.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"तीन आठवडे झाले असतील," आई म्हणाल्या. "दिवसभर अंधारात कोंडलेली होती गं बिचारी. मला वाटलं, धावपळीत तू विसरून जातेस. दोन तास ऊन दाखवते आणि परत ठेवते."

"तुम्ही त्याच्या तोंडचा घास काढून घेतलात," मी म्हणाले. शब्द न शब्द आठवतो. मी ओरडले नाही, म्हणून ते त्यांना जास्त लागलं असणार.

आई फडकं पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "गांजा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या पोराच्या औषधाला असेल, हेही कळलं. पण ही त्यांची रात्र असते, एवढं सांगितलं असतंस तर मी दाराला हात लावला नसता. दिवेलागणीनंतर मी कधी कढीपत्त्याचं पान तरी तोडलंय का? झोपलेल्या झाडाला हात लावायचा नसतो, हे काय मला माहीत नाही?"

त्या उठून खाली स्वयंपाकघरात गेल्या. माझा राग मग नवऱ्याकडे वळला.

"तू रोज बघत होतास?"

"हो."

"दिवसा उजेड लागला की सगळं वाया जातं, तुला माहीत होतं ना?"

"माहीत होतं." तो थांबून थांबून बोलत होता. "कुंड्या उन्हात ठेवल्या की ती इथेच बसायची. पानं पुसता पुसता माझ्या लहानपणचं काहीबाही सांगायची. मी जेवत नाही, मग तिने माझ्यासाठी करायचं काय? हे एक तिला सापडलं होतं. ते कसं बंद करू?"

"आणि फुलं? तीनच आठवडे राहिले होते."

"माझ्याकडे तीन आठवडे नाहीत गं," तो म्हणाला. "तुला सांगणार होतो. पण तू चार्ट भरत होतीस."

बारा दिवसांनी, सकाळी, तो गेला. डॉक्टरीणबाईंनी हे स्कॅनच्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं. त्याने ऐकलं होतं. आईंना त्याने सांगितलं होतं. त्या घरात हे कळलं नव्हतं ते मला एकटीलाच.

आईंची माफी मी मागितली ती फार उशिरा, त्या परत निघायच्या आदल्या दिवशी. त्यांनी माझा हात हातात घेतला, बैस म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ त्याच्याबद्दल बोलत राहिल्या. दुपारी तो ग्लानीतच असायचा, त्या सांगायच्या आणि तो अर्धंमुर्धं ऐकायचा. संध्याकाळी मात्र त्याला तासभर हुशारी यायची. उठून बसायचा, नीट बोलायचा, एकदा तर गुणगुणलाही.

"संध्याकाळी किती वाजता?" मी विचारलं.

"सातला," आई म्हणाल्या. "तू दार लावून आत गेलीस की."