उतारावरची जीप

दानियल गावित रोज संध्याकाळी जीप घरासमोरच्या उतारावर, तोंड खाली करून लावायचा. चाकाखाली दगड. सकाळी दगड काढला की जीप घरंगळायची, तो गिअर टाकायचा आणि ती खोकत जागी व्हायची. नवापूरच्या त्या डोंगरात उताराला तोटा नव्हता. त्यामुळे स्टार्टर ही वस्तू त्याच्या लेखी शोभेपुरती उरली होती.

नव्या बॅटऱ्या मात्र तो श्रद्धेने आणायचा. थोड्याच दिवसांत प्रत्येक बॅटरी मान टाकायची. मग दुकानदार चोर, कंपनी चोर, हवाही दमट.

"मरतात, की तू त्यांना उपाशी ठेवतोस?" बायको रंजनाने एकदा विचारलं. बाईला गाडीतलं काय कळतं, या शास्त्रशुद्ध आधारावर तो प्रश्न निकाली निघाला.

लेक रिबेका हिला नर्सिंगच्या प्रवेशासाठी दुपारी बाराच्या आत नंदुरबारला पोहोचायचं होतं. उशीर झाला तर जागा पुढच्या मुलीला. ती एसटीने जाणार होती.

"घरची गाडी असताना?" दानियल दुखावला आणि तिला जीपमध्ये बसवूनच निघाला.

वाटेत धानोऱ्याला त्याला चहा आठवला.

"बाबा, इंजिन बंद नको करू."

"डिझेल काय झाडाला लागतं?"

चहा झाला. चावी फिरली, टक् असा आवाज आला आणि शांतता पसरली. सभोवार केळी आणि ताटासारखी सपाट जमीन. टपरीवरची माणसं धक्का द्यायला उठली, तर हा म्हणाला, "धक्का मारायला ही काय एसटी आहे?"

रिबेकाने फाईल उचलली आणि येणाऱ्या काळीपिवळीला हात केला. "जागा गेली तर तुझ्या बॅटरीला नर्स कर," म्हणाली आणि गेली.

शेजारच्या गॅरेजातून धुडकू इलेक्ट्रिशियन आला. त्याने स्वतःची बॅटरी जोडून जीप सुरू केली, मग आपल्या तारा काढून मीटर लावलं. इंजिन धडधडत होतं, तरी काटा बारा व्होल्टलाही पोहोचेना.

"इंजिन चालू व्हयनं की चौदापर्यंत चढाले पाहिजे. दाजी, बॅटरी मरेल नई. तिले खावालेच कोणी देत नई."

दानियलला हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. त्याने कबूल केलं नाही.

धुडकूची नजर डॅशबोर्डवर गेली. तिथे नाताळातला उरलेला एक चमकी तारा चिकटवलेला होता. त्याने नखाने तो सोलला. खाली बॅटरीचा लाल दिवा मिणमिणत होता.

"हाऊ काब्र झाकेल शे?"

"सारखा लागायचा. डोळ्यांना त्रास."

धुडकू इतका हसला की पाना हातातून पडला. मग त्याने बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर खोलला. आतले कार्बन झिजून नखाएवढे उरले होते. ते बदलले आणि काटा वर चढला. दानियल त्या काट्याकडे पाहत नव्हता. त्याचं लक्ष फोनवर होतं. बारा वाजून गेले होते.

शेवटी फोन वाजला.

"झालं बाबा. मिळाली जागा."

त्याने तोंड फिरवून गमछ्याने डोळे पुसले. धूर फार होता म्हणे.

"काही खाल्लंस का? वडापाव नको खाऊ, पोट बिघडतं. जेवून घे."